रात्रीच्या विजेचा हिशेब मांडा : केंद्रीय ऊर्जामंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

मा. केंद्रीय ऊर्जामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात माझे बारा माग आहेत. टॉवेल विणतो. परवा रात्री पावणेतीनला वीज गेली आणि सहा मिनिटांत आली. सहा मिनिटांचे काय एवढे, असे कुणालाही वाटेल. पण माग मध्येच थांबला की आडवा धागा नेणारा धोटा अर्ध्या वाटेत अडकतो, उभे धागे तुटतात आणि पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते. ती धुऊन जात नाही. तो टॉवेल 'सेकंड'मध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात जातो. तुटलेले धागे जोडता जोडता रात्रपाळीच्या कामगारांना पहाट झाली, आणि त्यांची मजुरी तर विणलेल्या मालावर ठरते.

ती वीज फीडरच्या, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीच्या बिघाडाने गेली असेल. देशाची नवी वीज सौर असावी की अणू, यावर हे पत्र आहे, पण त्या बिघाडाचा दोष मी ना सूर्याला देतो, ना अणूला. सांगायचे एवढेच की आमचे निम्मे काम अंधारात चालते. त्यामुळे देशात एकूण किती मेगावॅट वीज आहे, याआधी मी विचारतो, रात्री किती आहे?

सौरऊर्जेला माझा विरोध नाही, उलट ती आणखी हवी आहे. माझा मामेभाऊ मोहोळ तालुक्यात शेती करतो. थ्री फेज रात्री आली की बॅटरी हातात घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसे मारली, तेव्हा त्या भागात रात्री पाण्यावर जाणाऱ्यांच्या घरच्यांनी रात्री कशा काढल्या असतील! शेतीचा उपसा दिवसा, सूर्यावर, हीच योग्य वाटणी आहे. त्यात एक दिवसही दिरंगाई नको.

पण मागाची पाळी सूर्याबरोबर मावळत नाही. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत 2023 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात ऊन असतानाची वीज स्वस्त आणि जास्त मागणीच्या वेळची महाग असे धोरण आले. मोठा कारखानदार काम दिवसावर ढकलेल. दोन पाळ्यांवर घर चालवणारा छोटा मागवाला काय ढकलणार?

साधा हिशेब करून पाहू. सौर प्रकल्पाची वर्षभराची सरासरी क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तर 700 मेगावॅटची एक अणुभट्टी 80 टक्क्यांनी चालून जितकी वीज देते, तितक्या विजेसाठी 2800 मेगावॅट सौर पॅनेल लागतील. मेगावॅटला चार-पाच एकर धरा, म्हणजे अकरा ते चौदा हजार एकर जमीन झाली. एवढे करूनही रात्र उरतेच. ती आज मुख्यतः कोळसा भागवतो. आमच्या फताटेवाडीत 1320 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, त्याला पाणी उजनी धरणाचे. उन्हाळ्यात उजनी तळाला गेली की शहरात पाण्याची ओरड होते. म्हणून नवा कोळसा आम्हाला नको.

अणुवीज इथे उभारा असेही मी म्हणत नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, उरलेल्या देशाशी एका लयीत जोडली गेली. ती गाठ आमच्याच जिल्ह्यात बसली, याचा आम्हाला अभिमान आहे. वीज लांबूनही येते.

मात्र घाई कुठे करायची, हे पाहायला हवे. जैतापूरला 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचे ठरले होते. त्याच जातीच्या भट्टीचे काम खुद्द फ्रान्समध्ये फ्लामनव्हील येथे 2007 साली सुरू झाले आणि ती ग्रीडला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. कोकणातल्या मच्छीमारांची भीती आणि हा उशीर, दोन्ही बाजूला सारून चालणार नाहीत. गुजरातेत काकरापारची 700 मेगावॅटची देशी भट्टी 2010 ते 2023 अशी तेरा वर्षे घेऊन उभी राहिली. उशीर तिलाही झाला, पण ती आपल्याच अभियंत्यांनी केलेली आहे आणि तसलीच दुसरी 2024 मध्ये सुरूही झाली. माझे मत सांगतो : मोठ्या परदेशी भट्ट्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा या देशी भट्ट्या एकामागून एक उभारा. तोवरच्या दहा-बारा वर्षांसाठी सौर प्रकल्पांसोबत साठवणूक बंधनकारक करा. बॅटरी असो की घाटघर प्रकल्पासारखी वर पाणी चढवून पुन्हा खाली सोडण्याची सोय, दिवसाची वीज रात्री नेणारे काही तरी हवे. अणुभट्टी वरचेवर कमी-जास्त केलेली परवडत नाही, म्हणून दुपारी वीज जास्त झाली तर ती मुरवायलाही हीच साठवणूक लागेल.

एक मागणी आहे. मंत्रालय नव्या क्षमतेचे आकडे जाहीर करते, तेव्हा प्रत्येक प्रकल्पासमोर आणखी एक रकाना द्या : रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात यातून किती वीज मिळेल. सौर, पवन, अणू, साठवणूक, सगळ्यांपुढे. तो रकाना पुढच्या आकडेवारीत दिसावा, ही विनंती.

आपला,
पूर्व भागातील एक यंत्रमागधारक, सोलापूर