गोळ्या सादळतात त्याचं काय? अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

माझं नोकरीचं आयुष्य महापे-रबाळे पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत, गोळ्यांच्या विभागात गेलं. जुलै लागला की तिथे सगळ्यांचे डोळे आरएचच्या, म्हणजे हवेतल्या आर्द्रतेच्या मीटरवर. ग्रॅन्युल्स, म्हणजे ज्यांची गोळी दाबतात ते औषधाचे दाणे, फार वाळले तर गोळीची टोपी, म्हणजे वरचा थर, उडते; ओलसर राहिले तर पंचाला, गोळी दाबणाऱ्या ठशाला, चिकटतात. क्लॅव्ह्युलॅनेटसारखं पाणी ओढणारं औषध असेल तर खोलीतली आर्द्रता 25 टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. बाहेर ठाणे-बेलापूर रोडवर तेव्हा 85-90.

एवढा जपलेला माल गेटबाहेर पडतो आणि भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली पावसाळा काढतो. तिथे मीटर कुठला?

साहेब, ओल फक्त औषध खराब करते असं नाही. गोळीत स्टार्च, क्रॉसकार्मेलोज असे घटक असतात, ते पोटात पाणी लागताच फुगून गोळी फोडण्यासाठी. त्यांनी पाकिटातच दमट हवा पिऊन घेतली तर गोळी आधीच मऊ पडते, आणि पोटात गेल्यावर फुटायला वेळ लावते. अशा गोळीत औषधाचं प्रमाण कदाचित पुरेपूर भरेल. म्हणजे नमुना प्रयोगशाळेत नुसत्या प्रमाणासाठी तपासला तर पास. ॲस्पिरिनचं तरी बरं, पाण्याने त्याचं विघटन झालं की डबीला व्हिनेगरचा वास येतो आणि माणूस सावध होतो. बाकीच्या बहुतेक गोळ्या गप्प राहतात.

साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमधून, म्हणजे गोळ्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटातून, वाफ हळूहळू आत जातेच. अल्यु-अल्युमधून, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पाकिटातून, जवळजवळ नाही, पण ते महाग. सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या डब्यातून मोजून कागदाच्या पुडीत दिलेल्या सुट्या गोळ्या. फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट तर फॉइलबाहेर राहिलं की आमच्याकडच्या हवेत चिकटच होतं.

सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, 28 डिसेंबर 2023 ला निघालं. त्याने कारखान्यांना शिस्त लागेल, लागायलाच हवी. पण विक्रेत्यांसाठीच्या नियमात ‘औषधांचे गुणधर्म टिकतील अशी साठवण’ एवढंच म्हटलंय, आर्द्रतेचा आकडा नाही. लेबलवर मात्र ‘ओलाव्यापासून दूर ठेवा’ छापलेलं असतं. कोणी ठेवायचं?

ठाणे जिल्ह्यापासून सुरुवात करा. घाऊक गोडाऊनमध्ये जून ते सप्टेंबर तापमानाबरोबर आर्द्रतेचीही रोजची नोंद सक्तीची करा. मीटर काही महाग नाही. सरकारी दवाखान्यांसाठी गोळ्यांची खरेदी फक्त स्ट्रिपमध्ये करण्याबाबत आरोग्य खात्याशी बोला. आणि ऑक्टोबरमध्ये दुकानांच्या फळीवरून नमुने उचलून प्रमाणाबरोबर गोळी फुटण्याची व विरघळण्याची चाचणीही करा. बिनकोटिंगच्या साध्या गोळीला फुटायला 15 मिनिटांची मर्यादा आहे. निकाल बॅच नंबरसकट जाहीर करा.

आपला,
एक निवृत्त प्रॉडक्शन केमिस्ट, कोपरखैरणे