नुसते ‘प्लाझ्मा पेशी भरपूर’ पुरेसे नाही

संपादक महोदय,

गाठीच्या बायोप्सी अहवालात ‘प्लाझ्मा पेशी भरपूर’ एवढेच वाचून नातेवाईक मायलोमाच्या (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या) धास्तीने हवालदिल होतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या या पेशी जुनाट सुजेत आणि इतर कर्करोगांभोवतीही जमतात. त्या एकाच पेशीची पिलावळ आहेत का, हे अँटिबॉडीतल्या कॅपा आणि लॅम्डा या दोन प्रकारच्या साखळ्या सांगतात. सुजेत दोन्ही मिसळलेल्या असतात, कॅपा साधारण दुप्पट. पिलावळीत जवळजवळ एकच.

प्लाझ्मा पेशी ओळखण्याचा मार्कर सीडी १३८ अनेक कार्सिनोमांतही (आवरणपेशींच्या कर्करोगांतही) रंगतो, म्हणून जोडीला एमयूएम १ हा दुसरा मार्कर हवा. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (अँटिबॉडी वापरून ऊतीतली प्रथिने रंगवण्याच्या पद्धतीत) खरी गडबड पार्श्वभूमीची: ऊतीत झिरपलेल्या रक्तद्रवातील अँटिबॉडीही रंगतात आणि सगळी स्लाइड तपकिरी होते. तेव्हा कॅपा-लॅम्डाची मोजणी रेटू नये. पेशीतला या साखळ्यांचा आरएनए दाखवणारे इन सिटू हायब्रिडायझेशन करावे. मात्र हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला असेल, तर आरएनए उरत नाही. त्याऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनाला वेळ लागतो, लागू द्यावा. सोबत तुलनेसाठी टॉन्सिलचा कंट्रोल नमुना हवाच. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून पिलावळ शोधणाऱ्या चाचणीत) पेशी थोड्या असतील तर खोटी क्लोनल, म्हणजे एकाच पिलावळीची, पट्टी उमटू शकते, म्हणून चाचणी दोनदा लावावी.

अहवालात कॅपा-लॅम्डा गुणोत्तर, पद्धत आणि कंट्रोलचा निकाल छापणे प्रयोगशाळांना बंधनकारक करावे. पिलावळ सिद्ध झाली तरी अस्थिमज्जा आणि सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तद्रवातली प्रथिने वेगळी करून पाहणारी चाचणी) तपासल्याशिवाय मायलोमा म्हणू नये.

– ऊतिविकृतिशास्त्रातील काही डॉक्टर व तंत्रज्ञ