ट्रॅक्टरच्या शेडचा नवा कोबा : हातभार लावणाऱ्यांचे आभार

काळ्या मातीवर थेट टाकलेला कोबा टिकत नाही. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् कोबा मधोमध फुटतो. म्हणून जुना कोबा फोडून दोन फूट काळी माती उपसणाऱ्या दादांचे आभार आधी. मुरूम त्यांनी सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसने ठोकला. एकदम भरला असता तर चाकाखाली खचलाच असता.

मिस्त्रीकाकांनी १:१.५:३ चा माल (सिमेंट : रेती : खडी), ५ इंच जाडी धरली. ८ मिमी सळईची जाळी वरून दोन इंच खाली राहील अशी उचलून ठेवली, कारण तळाला पडलेली जाळी वरचे तडे रोखत नाही. सिमेंटच्या एका गोणीला २५ लिटरच्या वर पाणी त्यांनी घालू दिलं नाही, आणि ओल्या रेतीतलं पाणीही त्यातच मोजलं. पातळ माल पसरतो छान, पण वर सिमेंटची साय येते अन् पुढे धूळ सुटत राहते. सांधे, म्हणजे तडा गेलाच तर सरळ रेषेत जावा म्हणून पाडलेल्या खाचा, दहा फुटांवर, सव्वा इंच खोल.

शेजारच्या काकूंचे आभार मानावे तेवढे थोडेच. त्यांनी नव्या कोब्यावर मातीच्या पाळी घालून वाफे केले आणि चौदा दिवस पाणी आटू दिलं नाही. आपल्याकडच्या उन्हात कोबा अर्धा दिवस कोरडा पडला तरी पुरे, बारीक तडे येतात. ट्रॅक्टर २८ दिवसांनीच आत घेतला.