मॅडम, त्या पाकिटांचं मला कळलंय

नमस्कार मॅडम,

नाव मुद्दाम टाकत नाही. तुमचं टाकलं तर उद्या संस्थावाले तुम्हालाच केबिनमधी बोलावून विचारतील की हे असलं करायला कुणी सांगितलं होतं, आणि माझं टाकलं तर पोरगी महिनाभर बोलायची नाही माझ्याशी. पण तुम्हाला वाचल्या वाचल्या कळेल. नववी ब, मेसवाल्या ताईंची मुलगी.

आमचं घर औसा तालुक्यात, शेत तेरणेच्या काठाला. हे तिकडं शेती बघतात आणि मी लातुरात खोली करून लेकरांना घेऊन राहते, क्लासच्या पोरांचे डबे करते. लातुरात अशा आया गल्लीगल्लीला सापडतील. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं काय झालं ते सगळ्या मराठवाड्यानं बघितलंय, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, जे उभं राहिलं त्याच्या शेंगांना मोड फुटले. हमीभाव तेव्हा क्विंटलला ५,३२८ रुपये, पण डागी माल आडतीवर त्या भावानं कोण घेतो? सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, टीव्हीवर आकडा लई मोठा दिसला, आमच्या खात्यावर जे पडलं त्यात खत-बियाण्याची उधारी पण फिटली नाही. तर पोरीच्या फीचा दुसरा हप्ता तुंबला तो असा.

त्यात पोरगी पहिली ते आठवी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरिबांच्या लेकरांसाठी खाजगी शाळेत ठेवलेल्या २५ टक्के फुकट जागांतून शिकलेली. आठवी झाली की कायदा संपला. लेकरू तेच, बाप तोच, शेत तेच, फक्त फी चालू.

आधीच्या शाळेचं सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते लोकांना समजायचं नाही म्हणून सांगते. तिथं फी माफ होती पण ॲक्टिव्हिटीचे पैसे, कशाकशाचे पैसे निघायचेच, आणि राहिले की शिपाई मामा वर्गात यादी घेऊन यायचे, नावं वाचायचे आणि लेकरांनी उठून व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. तास चालू असताना. बाकीची पोरं खिडकीतून बघायलेत. आरटीईच्या कायद्यातच लिहिलंय की लेकराला मारायचं नाही आणि मानसिक त्रास पण द्यायचा नाही, २००९ चा कायदा आहे, पण व्हरांड्यात कोण वाचतंय कायदा. माझी पोरगी यादीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून पडून राहायची. मी ओवा द्यायचे. शेवटी घरमालकाच्या मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं पोट कशानं दुखतंय. मग शाळेत बोलायला गेले तर तिथल्या मोठ्या सरांनी चार पालकांसमोर ऐकवलं, झेपत नसेल तर झेडपीला घाला ना. (मी झेडपीलाच शिकलेय सर. आमच्या गुरुजींनी कधी कुणाला बापाच्या खिशावरून उभं केलं नाही.) आणि हेच सर २६ जानेवारीला माईकवर, गोरगरिबांची लेकरं शिकली पाहिजेत म्हणून घसा कोरडा करतात.

असो. तर दिवाळी झाल्यावर पोरीच्या डायरीत तुमचं पाकीट आलं, तिन्ही बाजूंनी स्टेपल मारलेलं, वर फक्त "पालकांसाठी". आत फी बाकी असल्याचं ऑफिसचं पत्र, आणि त्याच्या मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात, "ताई, शनिवारी दुपारी मी असते, निवांत या. तिला यातलं काही माहीत नाही."

मला वाटलं आमच्यापुरतं केलं असेल. मग दोन दिवसांनी शेजारच्या बिल्डिंगमधल्या ताई भेटल्या, त्यांचे मिस्टर बँकेत, फी जूनमध्येच एकदम भरलेली. त्या म्हणल्या, "अहो मी किती घाबरले, एवढं पॅक करून काय पाठवलं, म्हणलं पोरीनं काय कांड केलं की काय, उघडलं तर काय, अक्षर सुधारायला रोज एक पान लिहून घ्या!" मी नुसती बघतच राहिले त्यांच्याकडं. नंतर अजून एका आईला सहज विचारलं तर तिला आलेलं, डबा अर्धा परत नेतो, लक्ष द्या.

म्हणजे मॅडम, फी राहिलेली लेकरं असतील पाच-सहा, आणि ती कोणती हे वर्गात कुणाला कळू नये म्हणून तुम्ही सगळ्या वर्गाला पाकिटं केली. आणि बाकीच्यांत नुसता कोरा कागद घातला असता तरी चाललं असतं की, पण तुम्ही प्रत्येकाला त्याचं त्याचं काहीतरी लिहिलं. हे कधी बसून लिहिलं असेल? खाजगी शाळेतल्या शिक्षकांना पगार किती मिळतो आणि कधी मिळतो हे काय आम्हाला माहीत नाही का, घरी जाऊन तुम्हालाही भाकरी टाकायच्याच असतात.

शनिवारी काय बोलणं झालं ते लिहीत बसत नाही, हप्ते पाडून मिळाले, एवढंच. फी माफ केली नाही तुम्ही, तुमच्या हातात नव्हतंच ते, आणि केली असती तर आमच्या ह्यांना ते पचलं पण नसतं. पैसे द्यायचेच होते, उशिरा का होईना. पण "तिला यातलं काही माहीत नाही" हे मी त्या रात्री डबे घासून झाल्यावर पुन्हा काढून वाचलं. बापाला सांगितलं फोनवर, तर ते पलीकडून बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणले, "माणूस चांगलं दिसायलंय."

अशी माणसं आहेत अजून. गंजगोलाईत आमचा किराणावाला आहे, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर उधारीचा उ काढत नाही, वही खाली सारतो. माझ्या मेसवर नांदेडची, बीडची, परभणीची पोरं जेवतात, यंदा त्यांच्याही घरून पैसे लेट आहेत, मी ताटावर कुणाला विचारत नाही, बाजूला मेसेज टाकते. ह्याला काय डिग्री लागत नाही आणि खर्च तर काहीच येत नाही. ज्यांच्याकडं एसी केबिन आहे, त्यांना हे का सुचत नाही हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

पोरीचं पोट आता दुखत नाही. परवा तर ताप असताना निघाली होती शाळेला, मीच ठेवून घेतली.

मॅडम, येळवस (वेळ अमावस्या) आलीय जवळ. शेत वाहून गेलं तरी सणाला शेतात जायचंच, हरभरा पेरलाय, बरा उगवलाय. तुम्ही या. भज्जी, उंडे, आंबील, सगळं करते. रस्ता अजून खराब आहे, फाट्यापर्यंत एसटीनं या, तिथून हे गाडीवर घेऊन येतील. सरांना आणि लेकरांना पण आणा, मेसवाली आहे मी, चार माणसं वाढली म्हणून काही कमी पडत नसतं.

तुमची,
नववी ब मधल्या एका मुलीची आई