बारीक दांड्याचा बोल्ट म्हणजे फसवणूक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उसाचा हंगाम तोंडावर आला, की खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे ट्रेलरवाले बोल्ट बदलायला बेळगावात येतात आणि दुकानातच वाद सुरू होतो. १२ मिलिमीटरच्या बोल्टचा आटे नसलेला दांडा व्हर्निअरने मोजल्यास कधी कधी १०.८ भरतो आणि ‘माल चोरला’ म्हणत गिऱ्हाईक तो परत करते. उद्यमबागेत लेथवर आटे कापण्यातच माझी उमर गेली, तेव्हा रोलिंगची, म्हणजे आटे न कापता डाय या कडक साच्याने दाबून उठवण्याची, बाजू घेणे माझ्या धंद्याच्या विरुद्धच आहे. तरीही ही समजूत चुकीची आहे, हे सांगणे भाग आहे.

आटे कापायचे तर १२ ची सळी घेऊन मधला धातू कीस करून काढावा लागतो. रोलिंगमध्ये कीस निघतच नाही. डायच्या दाबाने खाचेतला धातू वर सरकतो आणि त्याचाच माथा बनतो, म्हणून सळी मुळातच बारीक घेतात. १.७५ मिलिमीटर पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) या बोल्टच्या आट्यांचे हिशेबात धरायचे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर असते, तर १०.८ च्या दांड्याचे सुमारे ९१.६ येते. सरळ ओढ बसली, तर आटे आधी तुटतील, दांडा नव्हे.

शिवाय ट्रेलरचा बोल्ट सहसा एका झटक्यात जात नाही. रोजच्या हादऱ्यांनी आट्याच्या मुळाशी, म्हणजे खाचेच्या तळाशी, चीर धरते आणि ती हळूहळू आत शिरते. टूल झिजले असेल, तर कापलेल्या आट्याच्या मुळाशी ओरखडे राहतात (आमच्या हातून ते किती वेळा राहिले, हे न बोललेले बरे). रोलिंगमध्ये मात्र मूळ गुळगुळीत होते आणि तिथला धातू दाबाखाली राहिल्यामुळे चीर उशिरा पडते. रोलिंगनंतर हार्डनिंग (तापवून कडक करणे) केल्यास हा दाब बराचसा निघून जातो, म्हणून आधी काय केले, हे विचारून घ्यावे. माथ्यावर दिसणारी बारीक रेघ बहुधा तडा नसून दोन्ही बाजूंनी चढलेल्या धातूचा सांधा असतो. अशी रेघ मुळाशी दिसली, तर मात्र बोल्ट घेऊ नये.

बिडाला रोलिंग चालत नाही, आणि एकदोन नग किंवा अवजड मापे असतील, तर लेथच परवडतो. आडवा भार थेट दांड्यावर येणार असेल, तर पूर्ण मापाचाच दांडा मागावा. तसा दांडा ठेवूनही आटे रोल करता येतात.

आपला,
एक जुना टर्नर, बेळगाव