तक्रार पत्र : डब्यावरचे माप एक, हातात आलेले माप दुसरे

दिनांक : २० नोव्हेंबर २०२५
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मासेमारी साहित्य विक्री विभाग

विषय : 'बास कॉम्बो' (काठी, रीळ, ब्रेडेड म्हणजे विणीचा दोरा) यावर छापलेली मापे खरी नसल्याबद्दल आणि ६,४९९ रुपये परत मिळण्याबद्दल

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी २९ ऑगस्टला गणपतीच्या सवलतीत वरील संच मागवला. ३ सप्टेंबरला तो घरी आला. १३ ऑक्टोबरला मी ईमेलने पहिली तक्रार केली. तिला २४ ऑक्टोबरला तीन ओळींचे उत्तर आले : वापरताना चूक झाली आहे, रिळाला पाणी लागले आहे, परतीची सात दिवसांची मुदत संपली आहे. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सविस्तर लिहितो.

आधी मुदतीचे सांगतो. माल ३ सप्टेंबरला आला आणि पहिल्यांदा पाण्यावर गेला ५ ऑक्टोबरला, हे खरे आहे. पावसाळ्यात मरळ पिल्ले सांभाळत असते. पिल्लांचा लाल-नारिंगी पुंजका पाण्यावर दिसतो आणि नर-मादी त्याच्याखाली राखणीला असतात. त्या दिवसांत त्यांच्यावर गळ टाकायचा नाही, हे मी माझ्या मामांकडून लहानपणी शिकलो आणि आजवर पाळले. म्हणून दसरा होईपर्यंत थांबलो. शिवाय मी मागतो आहे ते वॉरंटीचे. आपल्याच कार्डावर एक वर्षाची वॉरंटी छापलेली आहे.

मी हा संच का निवडला, तेही सांगितले पाहिजे, कारण माझी सगळी तक्रार त्यातच आहे. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. आमच्या पंचगंगेत किंवा भोगावतीत तो नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो वनस्पतीच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि वरून काही हलले की झडप घालतो. आमची मरळही तशीच. त्यामुळे बाससाठी आमिष म्हणून तयार केलेला पोकळ रबरी बेडूक मरळीला चालतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, म्हणून तो केंदाळावरून (जलपर्णीवरून) ओढला तरी अडकत नाही. मासा तोंडात धरून दाबतो तेव्हाच गळ बाहेर येतात.

आता बेडूक १४ ग्रॅमचा ठरला की बाकीचे सगळे त्यावरून ठरत जाते. काठी अशी हवी, की जिच्यावर ७ ते २१ ग्रॅम लिहिलेले आहे. ताकदीला मध्यम-जड, म्हणजे मासा केंदाळातून ओढून काढता येईल अशी, आणि वाक फक्त शेंड्याकडे देणारी, म्हणजे झटका दिल्याबरोबर गळ रुतेल. दोरा ब्रेडेडच हवा. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, ताणतो, आणि वीस-पंचवीस मीटरवर तो ताण एवढा होतो की हाताचा झटका गळापर्यंत पोचतच नाही. ब्रेडेड ताणत नाही, पाण्यावर तरंगतो आणि केंदाळाची देठे कापत येतो. रीळ वेगाचे हवे, कारण बेडूक नाचवताना दोरा सारखा सैल पडतो आणि झडप पडली की तो सैलपणा क्षणात गुंडाळावा लागतो. आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरा सोडत राहणारा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढा लावायचा असतो.

यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्यावर उभा आहे. गिऱ्हाईक दुकानात दोरा तोडून बघू शकत नाही, काठी कापून बघू शकत नाही. तो छापलेले वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून पुढची मापे जुळवतो. मी तेच केले.

आता काय घडले ते. रविवार, ५ ऑक्टोबर. करवीर तालुक्यातल्या एका गावतळ्यावर, तळे ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन मी पहाटे पोचलो होतो. बेटकास्टिंग रीळ मला नवे होते, म्हणून त्याआधी महिनाभर घरामागच्या मोकळ्या जागेत गळ नसलेले वजन बांधून सराव केला होता. या रिळात दोरा फेकताना स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, स्वतः फिरते, आणि फेक मंदावली तरी स्पूल फिरतच राहिले की गुंता होतो. तो होऊ नये म्हणून बाजूची कळ इतकी आवळायची की वजन सोडल्यावर सावकाश खाली उतरावे, आणि वजन पाण्याला टेकताना अंगठा स्पूलवर दाबायचा. हे सगळे अंगवळणी पडल्यावरच मी पाण्यावर गेलो. ब्रेडेड दोरा स्पूलवर घसरू नये म्हणून खाली तंगुसाचे दहा-बारा वेढेही दिले होते. 'वापरताना चूक' असे लिहिणाऱ्याने मला यातले काही विचारले असते, तर बरे झाले असते.

सव्वासातच्या सुमारास केंदाळाच्या कडेला झडप पडली. मरळ होती, दीड-दोन किलोची असावी. मी दोन श्वास थांबून झटका दिला, गळ रुतला. ती केंदाळाखाली वळली. ड्रॅग आपल्या दोऱ्यावर छापलेल्या ३० पौंडांच्या, म्हणजे १३.६ किलोच्या पाव हिश्शावर लावलेला होता. त्याने थोडा दोरा सोडला, मग जागच्या जागी धरून बसला, आणि दोरा मध्येच तुटला. गाठीत नाही, केंदाळात घासून नाही, उघड्या पाण्यावर. मरळ दोन गळांचा बेडूक तोंडात घेऊन गेली.

मासा गेल्याचे मला दुःख नाही. मासे सुटतातच. पण जबड्यात गळ रुतलेली मरळ कित्येक दिवस नीट खाऊ शकत नाही, मरतेही. ताकदीच्या दोऱ्याने मासा लवकर काठावर आणायचा आणि सोडायचा असेल तर धडधाकट सोडायचा, एवढ्याचसाठी मी जास्त पैसे मोजून हा दोरा घेतला होता. मामा म्हणायचे, "तंगूस वढून बघितल्याबिगर गळ बांधायचा न्हाई." आपल्या डब्यावरचा आकडा वाचून मी ते एकदाच केले नाही, याची मला आजही चुटपुट लागून आहे.

पुढच्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, त्याच १४ ग्रॅमच्या मापाचा दुसरा बेडूक माझ्या जुन्या दोऱ्याला बांधून मी फेकला, आणि फेकतानाच काठी मोडली. समोर मासा नव्हता, दोरा कुठे अडकलेला नव्हता. आपल्या उत्तरात काठी उभी धरून मासा उचलल्याचा उल्लेख आहे. तसे केल्याने काठ्या मोडतात हे बरोबर आहे, पण तेव्हा त्या शेंड्याकडे मोडतात. ही खालच्या तुकड्यात, सांध्याखाली चार बोटांवर मोडली.

मी पंचवीस वर्षे उद्यमनगरात टर्नर म्हणून काम करतो. मोजमाप हेच माझे पोट आहे. म्हणून तक्रार करण्याआधी मी तिन्ही वस्तू मोजल्या.

दोरा. डब्यावर जाडी ०.२८ मिलिमीटर आहे. ब्रेडेड दोरा मायक्रोमीटरमध्ये चपटा होतो, तेव्हा तो आकडा मी धरला नाही. एका गुळगुळीत पिनवर लागून लागून २० वेढे घातले आणि त्यांची रुंदी मोजली. ती ८ मिलिमीटर भरली, म्हणजे एक वेढा ०.४०. मग पाच तुकडे घेऊन पॅलोमार गाठ मारली, गाठ आवळण्यापूर्वी ओली केली आणि ताणकाट्यावर ओढले. ५.९, ६.२, ६.४, ५.८ आणि ६.१ किलोला तुकडे तुटले. गाठीने ताकद काही प्रमाणात कमी होते, हे मी धरून चालतो. तरीही १३.६ च्या जागी निम्म्याहून कमी आकडा गाठीमुळे येत नाही. म्हणजे आपला दोरा छापलेल्यापेक्षा जाडही आहे आणि कच्चाही.

रीळ. बाजूवर ७.१ : १ असे कोरलेले आहे. म्हणजे हँडल एकदा फिरवले की स्पूल ७.१ वेळा फिरायला हवे. स्पूलवर पांढरी खूण करून हँडलच्या १० फेऱ्या सावकाश फिरवल्या. ७१ फेऱ्या यायला हव्या होत्या, ५३ आल्या. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच. भरलेल्या स्पूलचा व्यास ३३ मिलिमीटर आहे. त्या हिशोबाने हँडलच्या एका फेरीला साधारण ७४ सेंटिमीटर दोरा यायला हवा, तिथे ५५ येतो. ५.३ चे रीळ वाईट असते असे मी म्हणत नाही. खोल पाण्यात बुडणारे, ओढायला जड आमिष सावकाश आणायला तेच बरे. पण मग त्यावर ५.३ लिहा, ज्याला हवे तो ते घेईल.

ड्रॅग कमाल ८ किलो लिहिला आहे. मी तो ३.४ किलोवर लावून ताणकाट्याने दहा वेळा ओढून पाहिला. चार वेळा तो सुरळीत सुटला. उरलेल्या सहा वेळा काटा ५ च्या पुढे जाईपर्यंत चिकटून राहिला आणि मग एकदम झटक्याने सुटला. ६ किलोला तुटणारा दोरा आणि ५ च्या पुढे जाऊन सुटणारा ड्रॅग एकत्र आले की ५ ऑक्टोबरला जे झाले तेच होणार. रिळाचे सील मी तोडलेले नाही. आत काय आहे ते आपल्याच माणसाने उघडून पाहावे. रीळ डाव्या हाताच्या हँडलचे मागवले होते, उजव्या हाताचे आले, हेही इथेच नोंदवतो.

काठी. संकेतस्थळावर शंभर टक्के ग्रॅफाइट लिहिले आहे. मोडलेल्या तोंडाशी पांढरे तंतू सुटलेले स्पष्ट दिसतात, ती काचतंतूची आहे. काळा आहे तो वरचा रंग. तोंडाशी नळीची जाडी एका बाजूला १.४ मिलिमीटर आहे आणि समोरच्या बाजूला ०.९. काठी मोडायला तेवढा फरक पुरेसा आहे. काचतंतूची काठीही मी वापरली असती. पण ती जास्त लवते आणि सावकाश सरळ होते, म्हणून बेडकासाठी मी ती मुद्दाम टाळली होती.

आपल्या डब्यावर 'विक्रमी बासही सुटणार नाही' असे छापले आहे. बासचा विक्रम मी वाचलेला आहे. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा मासा धरला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. म्हणजे दहा किलोच्या थोडा वर. पाण्यात मासा आपल्या पूर्ण वजनाने ओढत नसतो आणि ड्रॅग चांगला असेल तर बारीक दोऱ्यावरही मोठा मासा येतो, हे खरे. पण तो ड्रॅगच चिकटत असेल, तर दोन किलोची मरळसुद्धा येत नाही. हे वाक्य आपण डब्यावरून काढावे.

रिळाला पाणी लागले म्हणून वॉरंटी नाही, या ओळीवर मी फार लिहीत नाही. मासेमारीच्या रिळाला पाणी लागणारच. वापरल्यावर ते पुसून, सावलीत वाळवून ठेवले आहे. आपल्या सेवा केंद्रातल्या ताई फोनवर तीनही वेळा नीट बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निर्णय घेणाऱ्याने वस्तू न बघता निर्णय घेतला, त्याबद्दल आहे.

आमच्याकडे ड्रॉइंगवर एक माप आणि जॉबवर दुसरे असेल तर तो जॉब गाडीत चढत नाही. चढलाच, तर पार्टी परत पाठवते आणि आम्ही निमूट घेतो. मी आपल्याकडून एवढीच अपेक्षा करतो.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पूर्ण ६,४९९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. संच आपल्या खर्चाने घेऊन जावा आणि तपासणीचा निकाल मला लेखी कळवावा. दोऱ्याची जाडी व ताकद, रिळाचे गुणोत्तर आणि काठीचा पदार्थ हे चारही आकडे-मजकूर दुरुस्त होईपर्यंत या संचाची विक्री थांबवावी. आणि ज्यांनी तो आधी घेतला आहे त्यांना दोऱ्याची खरी ताकद कळवावी. या शेवटच्या मागणीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, कारण त्यांच्यापैकी प्रत्येक जण आज चुकीच्या आकड्यावर ड्रॅग लावून बसला आहे.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी पहिली तक्रार १३ ऑक्टोबरची. पोच पाच दिवसांनी आली आणि महिना उलटून गेला. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. कायद्याने राहत्या ठिकाणी तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मला कुठे लांब जावे लागणार नाही.

पावतीची प्रत, डब्यावरच्या मजकुराचे फोटो, मोडलेल्या तोंडाचे व्हर्निअर लावून काढलेले फोटो आणि ताणकाट्यावर दोरा तुटतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. मोडलेली काठी, सीलबंद रीळ आणि उरलेला दोरा मी जसाच्या तसा बांधून ठेवला आहे. आपला माणूस कामाच्या दिवशी सायंकाळी सहानंतर आला तर मी घरी असतो. त्याने ताणकाटा आणला नाही तरी चालेल, माझ्याकडे आहे. त्याच्यासमोर पुन्हा ओढून दाखवीन.

आपला,
(सही)
ग्राहक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर