चाक बुटाला लागतं म्हणून सायकल परत करू नकोस

पुणे, रविवार

प्रिय मेधा,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. तू इतकी रडकुंडीला आली होतीस की मला धड काही सांगताच आलं नाही. वळताना सायकलवरून पडून गुडघ्याला आलेली सूज उतरली का?

दुकानदाराने सदोष सायकल गळ्यात मारली असं तुला वाटतंय ना? तसं नाहीये गं. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागणं, याला टो ओव्हरलॅप म्हणतात. तुझ्यामाझ्यासारख्या पाच फूट एक-दोन इंचवाल्यांच्या रोड बाइकला तो बहुतेक वेळा असतोच.

माझंही तुझ्यासारखंच झालं होतं. सायकल घेऊन महिनाही झाला नव्हता. पाषाण तलावाजवळ यू-टर्न घेत होते, डावा पाय पुढे होता. टायर बुटाला घासला, हँडल तिथेच अडकलं, बुटाच्या तळाची क्लीट, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारी पट्टी, सुटेना, आणि मी जवळजवळ उभ्याउभ्याच कोपरावर आदळले. घरी येऊन बघते तर डाव्या बुटाच्या टोकावर रबराचा काळा, चंद्रकोरीसारखा ओरखडा! किती घासला तरी तो गेला नाही.

मग मोजपट्टी घेऊन बसले. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत ५७५ मिमी. त्यातून २५ मिमीच्या टायरसकट चाकाची त्रिज्या, म्हणजे ३३६ मिमी, वजा केली की उरतात २३९. त्यातले १७० क्रँक खातो. राहिले ६९, आणि माझा बूट पॅडलच्या मध्यापुढे जातो जवळजवळ १०० मिमी. तो मावणार कुठे? सरळ जाताना पाय चाकाच्या बाजूला असतो म्हणून काही होत नाही, हँडल बरंच वळलं की गाठ पडते. मडगार्ड लावलंस तर आणखी सेंटिमीटरभर जाईल.

खरं दुखणं चाकाचं आहे. सहा फुटी माणसाला आणि आपल्याला चाक एकच, ७०० चं, म्हणजे रोड बाइकच्या नेहमीच्या मोठ्या मापाचं. चाक पुढे सरकवायचं तर फ्रेम लांब होते आणि आपले हात हँडलला पुरत नाहीत. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, जास्त कलता केला तर सायकल वळायला जड वाटते. अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९८५ च्या सुमारास बुटक्या बायकांसाठी पुढचं चाक २४ इंची आणि मागचं ७०० चं अशा सायकली काढल्या होत्या. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आपल्या मापाचा विचार कुणीतरी पहिल्यापासून केला! फक्त दोन चाकांना दोन मापांच्या ट्यूब जवळ बाळगाव्या लागतात.

आता तू एवढं कर. सायकल भिंतीला टेकव, बूट घाल, क्रँक आडवा धर आणि हँडल हळूहळू फिरव. कुठे लागतं ते डोळ्यांनी बघ, म्हणजे निम्मी भीती जाईल. उजवीकडे वळताना चाकाची मागची कड डावीकडे येते, म्हणून लागतो तो नेहमी बाहेरचा पाय. तो खाली ठेवायचा. पॅडल मारावंच लागलं तर पूर्ण फेरा नको. थोडं दाबायचं, उलटं आणायचं, पुन्हा दाबायचं. वेगात मात्र अजिबात घाबरू नकोस. तिथे आपण सायकल कलवून वळतो, हँडल जेमतेम हलतं. सिंहगडचा घाट मी याच सायकलवर कितीदा उतरले, एकदाही पाय लागला नाही. चढताना तीव्र वळणावर वेग मेला की तेवढं जपते.

क्रँक १६५ चा मिळाला तर बदलून घे. अंतर पाचच मिलिमीटर वाढेल, पण आपल्या गुडघ्यांना तो बरा पडतो. क्लीट मात्र मागे सरकवू नकोस, बूट आणखी पुढे जाईल.

सूज उतरली की सकाळी लवकर, गर्दी नसताना, मोकळ्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा गिरव. क्लीट न अडकवता, साध्या बुटांवर. पुढच्या रविवारी मी नाशिकला येतेच आहे, सायकल घेऊन. तोवर तुझ्या सायकलचं क्रँकच्या आसापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं माप घेऊन मला कळव.

तुझीच,
शुभा